आखाजीच्या आत

चैत सरना, वैशाख उना, निंबले झोका करा,
मना झोका आभायमा गया, भाऊ रे, दोर धरा.

आवाज कोवळा होता. वरच्या सुराला जाताना किंचित चिरकायचा, आणि चिरकल्याचंच मग हसू फुटायचं. अक्का झोक्यावर उभी, परकर वाऱ्याने फुगलेला. खाली अनवाणी धावणारा अभिमन. दोर हाताला लागतोय न लागतोय तोवर झोका पुन्हा निंबाच्या शेंड्याला. साठ वर्षं उलटून गेली. निंब गेला, झोका गेला, गल्लीतल्या त्या पोरी कुठकुठल्या गावच्या आज्या झाल्या. आवाज तेवढा कानात मुक्कामाला राहिला होता. एरंडोल सोडल्यावर गाडी तापून रस्त्याकडेच्या एका निंबाखाली थांबली, तेव्हा तो काही कारण नसताना बाहेर आला.

तेव्हाचा अभिमन, आताचे आबा, मागच्या सीटवर डोळे मिटून ऐकत राहिले.

"आबा, झोपले का?" सून सारिकाने स्टिअरिंगवरून मान वळवली.

"नई व. बठेल शे."

त्यांचा मुलगा भूपेंद्र बॉनेट उघडून वाफ निवायची वाट बघत उभा होता. "हिचा हा लांबचा शेवटचा फेरा," तो म्हणाला. "मिस्त्रीने सांगितलंय, जळगावात फिरवा, नाक्याबाहेर काढू नका."

"म्हणून तर म्हणते, आज नवीचं नक्की करा." सारिका रोज मेहरूणहून वरणगावला शाळेत शिकवायला जायची. दोन बसा जाताना, दोन येताना.

"नक्कीच आहे की. कधी, तेवढं ठरायचंय."

तेवढंच तीन महिने ठरत नव्हतं. गाडी विजेची घ्यायची, रंग पांढरा घ्यायचा, हे संक्रांतीलाच झालं होतं. घोडं अडलं होतं सरकारच्या सवलतीवर. जुनी सवलत संपली म्हणत, नवी येतेय म्हणत. कुणी म्हणे आदेश निघाला, कुणी म्हणे निघाला पण पोर्टल उघडलं नाही. शोरूमवाले हात वर करून मोकळे झाले होते: गाडीचं ज्या दिवशी पासिंग होईल, त्या दिवशी जे लागू असेल ते तुमचं. आज सांगितली तर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी दारात उभी राहील, पण तोवर आदेश नाही आला तर सवलत गेली. थांबलं तर सवलत कदाचित पदरात पडेल, मात्र गाडी कधी येईल ते कुणी छातीठोक सांगेना.

"मले आखाजीच्या आत पायजे," आबा मागून म्हणाले.

भूपेंद्रने बॉनेटआडून डोकं काढलं. "पण का आबा? आखाजीला असं काय काम आहे गाडीचं?"

आबा खिडकीबाहेर बघू लागले. कापणी झालेलं शेत होतं, त्यात एक बगळा उगाच उभा होता.

काम होतं. गेल्या आखाजीला आबांच्या डोळ्याला पट्टी होती, म्हणून त्यांनी भूपेंद्रकरवी अक्काला आणायला भाड्याची गाडी धाडली होती, चांगली थंडगार. अक्का आलीच नाही. गुडघा दुखतो म्हणाली, असं ड्रायव्हरने येऊन सांगितलं. गुडघा कसला! अक्का मानी बाई. भावाने भाड्याच्या गाडीवर भागवलं, हे तिला लागलं, असं आबांनी त्याच घटकेला ओळखलं आणि वर्षभर पोटात ठेवलं. यंदा तिच्या दारात स्वतःची गाडी उभी करायची, कोरी, तिच्या घरादाराने बाहेर येऊन बघावी अशी. आखाजीला रिकाम्या हाताने तिच्या दारात जायला आता तोंड नव्हतं.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला गेलं की लहान पोराच्या हट्टासारखं वाटलं असतं, आणि आबा आता एकोणसत्तरीत होते.

*

देवपुरात अक्काच्या मुलाच्या, नीलेशच्या गच्चीवर बिबड्यांचा, ज्वारीच्या पापडांचा, पसारा मांडला होता. मोठ्या पातेल्यात ज्वारीचा घाटा रटरटत होता; लसूण, तीळ आणि हिरव्या मिरचीचा वास जिन्याच्या पहिल्या पायरीपासूनच भेटायला येत होता. दोन खाटा, त्यांवर धुतलेली लुगडी अंथरलेली. अक्का, म्हणजे सुनंदाबाई, मांडी घालून पाटापुढे बसल्या होत्या. ओल्या फडक्यावर घाट्याचा गोळा ठेवायचा, पाण्याच्या हाताने फिरवत फिरवत थापायचा, फडकं उचलायचं, खाटेवर उलटं टाकून अलगद सोडवायचं. मागे गोल बिबडी उरायची, पाण्याने चमकणारी.

"या रे, या. इतला उशीर?"

"गाडी तापली, फुई." आत्याला भूपेंद्र फुईच म्हणायचा. शाळेत गुरुजींनी कितीदा सुधारलं, जीभ सुधारली नाही.

"तापनारच. म्हातारी झाई ती. आजकाल मीबी तापस, इचार रूपाले."

"मी काही बोलत नाही," त्यांची सून रूपा पातेलं ढवळत म्हणाली. "मला इथेच नांदायचंय."

सगळे हसले. सारिकाने पदर खोचला, हात धुतले आणि दुसऱ्या पाटावर बसली. पुरुषांच्या हातात ताटल्या आल्या, गरम घाटा, वर कच्च्या तेलाची धार. नीलेशने पहिला घास फुंकत फुंकत गिळला आणि विषयालाच हात घातला.

"मामा, माझं ऐकणार असाल तर थांबा. मुंबईत आमच्या ओळखीचे आहेत. महिनाभरात आदेश निघतो म्हणतात."

"ती ओळख दिवाळीपासून महिनाभरच म्हणतेय," रूपा म्हणाली.

"सरकारी काम आहे. तुझ्या कुकरसारखी शिट्टी होत नाही त्याला."

"शिट्टी झाली असती तर बरं झालं असतं. निदान उतरवायचं केव्हा ते कळलं असतं."

"दादाचं बरोबर आहे," भूपेंद्र म्हणाला. "आज घेतली आणि आठ दिवसांनी सवलत आली, तर जन्मभर गाडीत बसताना तेच आठवेल."

"आणि नाही आली तर?" सारिका थापता थापता बोलली. "किंमत वाढली तर? मी अजून एक पावसाळा वरणगावच्या स्टॉपवर उभी राहू?"

"तसं कुठे म्हणतोय मी?"

"तसंच म्हणताय. नाव सवलतीचं घेताय एवढंच."

"सूनबाई बरोबर सांगस," आबा म्हणाले. "आजच सांगी टाका."

भूपेंद्रचा घास हातातच राहिला. आबा आणि सारिका एका बाजूला, हे घरात पहिल्यांदा घडत होतं. सारिकाने गाडी शिकायचं काढलं तेव्हा याच आबांनी जेवताना बोलणं टाकलं होतं. आणि थांबणं? थांबणं तर तो आबांकडूनच शिकला होता.

"आबा, तुम्हीच आम्हाला कापसावर वाढवलं," तो म्हणाला. "आठवतं का नीलेशदादा? पारोळ्याकडच्या शेताचा सगळा कापूस घरात भरून ठेवायचे. माजघरात कापूस, देवघराच्या दारापर्यंत कापूस. आम्ही पोरं त्याच्यावरच झोपायचो. अंगाला खाज सुटायची, रात्रभर खरवडायचो. गाव दिवाळीत विकून मोकळं व्हायचं, आणि आबा म्हणायचे, थांबा, भाव येईल."

"मी सुट्टीत यायचो तेव्हा मलाही खाज सुटायची," नीलेश म्हणाला. "आई म्हणायची, मामाच्या घरचा मेवा आहे तो."

"मग? तेव्हा आखाजीपर्यंत धरून बसायचात, आणि आता चार आठवडे थांबवत नाही?"

आबांनी ताटली खाली ठेवली. "भाव दरसाल येये का?"

"एखाद्या वर्षी यायचा."

"आनि बाकीना साल?"

भूपेंद्र ताटलीतलं तेल बोटाने फिरवू लागला.

"बाकीना साल कापूस पिवया पडी जाये," आबाच म्हणाले. "थांबानं कवय आनि कवय नई, हाई मले कधीच समजनं नई, पोऱ्या. मी नुसता थांबे."

पांझरेकडून आलेल्या वाऱ्याने लुगड्याचं टोक उडालं, सारिकाने ते विटेखाली दाबलं.

मग सुनंदाबाई मान वर न करता म्हणाल्या, "मी म्हनस थांबा. सरकार देवाले निंघनं तर सोडतस कसाले? आखाजीले काय अडेल शे गाडीवाचून?"

आबांनी बहिणीकडे पाहिलं. तिचा हात फिरत होता, गोल गोल, एका लयीत. येऊ नको, असंच ती सांगतेय, असं त्यांना वाटलं. कोरी गाडी आणली तरी येऊ नको.

"बघा," नीलेश म्हणाला. "आईसुद्धा आपल्याकडे."

*

रूपा पाणी आणायला खाली उतरली ती हंडा भरला तरी नळाशी उभी राहिली.

तिला गेल्या आखाजीची सकाळ दिसत होती. सासूबाईंनी पहाटेच न्हाऊन हिरवं लुगडं नेसलं होतं. पिशवी भरून, तिच्यावर हात ठेवून त्या ओट्यावर बसल्या होत्या, आणि जाणाऱ्या येणाऱ्याला आपण होऊन सांगत होत्या, आज मायेरले जास. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, पण बसणं सगळं नव्या नवरीचं. मग गाडी आली. ड्रायव्हरने उतरून अदबीने दार उघडलं. सासूबाईंनी पुढे वाकून पाहिलं, मागे वाकून पाहिलं.

"कोन कोन उनं लेवाले?"

"मी एकटाच आहे आजी. बसा ना. एसी लावलाय."

त्यांनी पिशवी उचलली आणि आत आल्या. "त्याले सांग, गुडघा दुखस," एवढंच म्हणाल्या. लुगडं बदललं, आणि दुपारी याच गुडघ्यांवर बसून घरच्यांसाठी खापरावर पुरणपोळ्या केल्या. संध्याकाळी रूपाला जवळ बोलावून म्हणाल्या, "कोनले सांगजो नको." रूपाने मान हलवली. त्या दिवसापासून ती मान तिला जड झाली होती.

एरवी त्या एसटीने वर्षात कितीदा तरी जळगावला जायच्या. बारशाला, लग्नाला, आणि भावाच्या डोळ्याच्या ऑपरेशनला तर बोलावण्याचीही वाट न बघता. माहेरच्या दाराला त्यांना आडकाठी नव्हती. पण आखाजी वेगळी. आखाजीला लेकीने आपल्या पायांनी जायचं नसतं. माहेरचा माणूस मुराळी होऊन येतो, पाणी पितो, लेकीला मागून घेतो, आणि मग ती त्याच्याबरोबर निघते. रूपाचा धाकटा भाऊ चोपड्याहून दरवर्षी मोटारसायकलवर यायचा, उन्हाने काळाठिक्कर पडून, आणि ती त्याच्यावर ओरडायची, आणि ते ओरडणंही तिला वर्षभर पुरायचं.

वर मामा हट्टाला पेटलेत, आखाजीच्या आत, आखाजीच्या आत. सासूबाई म्हणतात, थांबा. दोघं एकमेकांकडे बघतही नाहीत. आणि मधे आपण शब्द देऊन बसलोय.

हंडा घेऊन ती जिना चढली. शब्द मोडायचा नव्हता. पण मामांना काही विचारायचं नाही, असं काही तिने कबूल केलं नव्हतं.

*

वर सगळं ठरत आलं होतं. घाटा तळाला लागला होता, दोन्ही खाटा भरल्या होत्या. आदेश येईपर्यंत थांबायचं, जुनी गाडी जळगावातल्या जळगावात वापरायची, असं भूपेंद्र आणि नीलेशने आपसात बांधून टाकलं होतं. सारिकाचं थापणं मात्र जरा जोरात चाललं होतं, बिबड्या कडेला फाटत होत्या.

"हळू, पोरी," सुनंदाबाई म्हणाल्या. "तिनी काय तुन्हं वाकडं करं?"

"तिने नाही केलं, फुई. ज्यांनी केलं ते घाटा खाताहेत."

भूपेंद्रने हसून खिशातून फोन काढला. त्याला वातावरण निवळवायचं होतं, आणि मनापासून एक गोष्ट करायचीही होती. "फुई, आखाजीची काळजी करू नका. यंदा आत्ताच बुक करून टाकतो. गेल्या वेळेपेक्षा मोठी गाडी. पुढची सीट पूर्ण मागे जाते, पाय लांब करून बसा. गुडघ्याला काही होणार नाही."

सुनंदाबाईंचा हात फडक्यावर थांबला.

भूपेंद्र चांगला पोरगा होता. त्यांच्या मांडीवर खेळला होता. त्यांना त्याचा राग नव्हता, गेल्या वर्षीही नव्हता. त्यांना एवढंच दिसत होतं की हे असंच होत जाणार. दरवर्षी गाडी आणखी मोठी, आणखी गार. आणि दरवर्षी आपला गुडघा दुखणार. मग एखाद्या वर्षी फोनही यायचा नाही, आणि सगळे म्हणतील, तिला हल्ली झेपत नाही.

"मामा," रूपाने हंडा टेकवला. "एक विचारू? तुम्हाला गाडी आखाजीच्या आतच का पाहिजे?"

"जाऊ दे व. ठरनं ना आते."

"नाही, सांगाच. सकाळपासून सगळे सवलतीवर बोलताहेत. तुम्ही एकटेच आखाजीवर बोलताय."

"रूपा," सुनंदाबाईंनी दटावलं.

"आई, मी मामांना विचारतेय. तुमच्याबद्दल एक अक्षर बोलले का?"

आबांनी रुमालाने तोंड पुसलं, मग डोळे पुसले, मग रुमालाची घडी घालत बसले. घडी चार वेळा घालून झाली.

"मागल्या साली मी भाड्यानी गाडी धाडी," ते शेवटी म्हणाले. बहिणीकडे न बघता, खाटेवरच्या बिबड्यांना सांगावं तसे. "अक्काना मानले ते लागनं. लागाले पायजेच व्हतं. भाऊ जित्ता असताना बहीण भाड्याना गाडीमा काब्र येई? म्हनीसन मी ठराई ठेयेल व्हतं, आवंदा मन्ही सोतानी गाडी तिना दारशे उभी करसू, मंगच आखाजीले तिले तोंड दाखाडसू. सवलत गई ते गई. पन ती म्हनस, आखाजीले काय अडेल शे. मंग मी कोना साठे घाई करू?"

"आबा!" सारिका म्हणाली. "हे आधी बोलला असता तर मी घरूनच पैसे भरून निघाले असते."

"आत्ताही भरता येतील," भूपेंद्र हलकेच म्हणाला. फोन अजून त्याच्या हातात होता, पण तो आता आबांकडे बघत होता. "मला काय माहीत, आबा? मला वाटलं, तुम्हाला शेजारच्यांना दाखवायचीय. आजच बुक करतो. सवलतीचं राहू दे."

"सवलत सोडू नको," सुनंदाबाई म्हणाल्या.

त्यांनी दोन्ही हात बादलीत बुडवले. बोटांमधला घाटा सोडवला, एकेका बोटाचा. पदराला हात पुसले. आणि पाटावर एका हाताचा भार देऊन, कुणाचाही आधार न घेता, सरळ उठून उभ्या राहिल्या. नीलेश आईच्या गुडघ्यांकडे बघत राहिला.

"गाडी सरकार देई तवय घ्या. पांढरी घ्या, काई घ्या, मले तिनं काय करनं शे? बाप मले बैलगाडीमा लई जाये. तू सायकलवर डबलसीट लई गयथा, पारोयाना चढवर मी उतरीसन ढकलेल शे तुन्ही सायकल. मी कवय म्हनं का, दुसरं काई आन?"

"अक्का..."

"ऐकी ले, अभिमन. बोलाले मले साल लागनं." त्या भावासमोर येऊन उभ्या राहिल्या, इतक्या जवळ की आबांना मान वर करून बघावं लागलं. "मन्हा गुडघा दुखत नव्हता. गाडी भाड्यानी व्हती म्हनीसनबी मी परत धाडी नई. तिनामा तू नव्हता, तुन्हा पोऱ्या नव्हता, तुन्ही सून नव्हती. मी पहाटपासून तयार व्हती रे भाऊ. मले लेवाले कोनी उनंच नव्हतं."